कलती चाल

माणसाची पाठ ही त्याची खासगी मालमत्ता असते, असा एक गोड गैरसमज आहे. गादीपतींच्या पाठीचं तसं नव्हतं. तिच्यावर पहिला हक्क दुकानाचा, दुसरा इमारतीतल्या यच्चयावत बिऱ्हाडांचा, आणि या सगळ्यांचं भागून काही उरलंच तर ती गादीपतींची.

गादीपती हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात ते मुख्य विक्रेते होते, म्हणून इमारतीनं ही पदवी त्यांना परस्पर बहाल केली होती. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते स्प्रिंगा, फोम, हमी असलं काही ऐकवत नसत. गादीच्या एका कोपऱ्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः धाडकन आडवं व्हायचं. पेल्यातला थेंब हलायचा नाही. मग हात न टेकता, गुडघे न वाकवता, एका झटक्यात उठून बसायचं आणि म्हणायचं, "पन्नाशी उलटली आहे माझी. रोज हिच्यावरच झोपतो." गिऱ्हाईक त्या ताठ पाठीकडे बघायचं, मग स्वतःच्या बायकोकडे बघायचं, आणि गादी विकली जायची. यात खोटं काही नव्हतं. ते खरोखर त्याच गादीवर झोपत. एक अक्षर खोटं न बोलता माल विकणारा माणूस म्हणून त्यांना स्वतःविषयी जो आदर होता तो जरा जास्तच होता, पण अगदीच निराधार नव्हता. इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरात त्यांच्या शब्दावर घेतलेली गादी होती.

अशा या पाठीला एका शिंकेनं दगा दिला.

सकाळी बुटाची नाडी बांधायला ते वाकले, वाकल्यावर शिंक आली आणि कमरेत काहीतरी टचकन झालं. तेवढ्यावर भागतं तर गोष्ट वेगळी. पण पुढच्याच क्षणी डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूनं, पोटरीवरून, थेट पायाच्या करंगळीपर्यंत अशी काही कळ गेली की त्यांना ब्रह्मांड आठवलं. दुखण्यानं जागा तरी बरी निवडावी. डोकं दुखलं तर माणूस चारचौघांत कपाळाला हात लावू शकतो, विचारवंतही दिसतो. इथे हात लावायची सोय नव्हती. ते बराच वेळ बुटाकडे बघत तसेच वाकून उभे राहिले. बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे लागलेला वेळ आणि झालेलं काम यांचा मेळ बसला नाही की तिला लगेच कळायचं. काय चाललंय, असं तिनं आतून विचारलं. नाडी बांधतोय, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी त्या दिवशी चपला घातल्या.

दुसरा एखादा असता तर सरळ कण्हला असता. गादीपतींना ती चैन परवडणारी नव्हती. गादीवाल्याचीच कंबर धरली हे कळलं तर इमारतीतल्या गाद्या एकामागून एक जिना उतरून दुकानात परत येतील, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यात मालक नवी शाखा उघडत होते. उद्घाटनाला सगळ्या पाहुण्यांसमोर गादीपतींनी पेल्याचा प्रयोग करायचा आणि टाळ्या थांबायच्या आत मालकांनी त्यांना शाखेचे व्यवस्थापक म्हणून जाहीर करायचं, असं ठरलं होतं. आयुष्यभर उभं राहून विकलेल्या माणसाला काचेची स्वतंत्र खोली मिळणार होती. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून ते घराबाहेर पडले.

मूठ झाकता येते हो, चाल कशी झाकणार? डावा पाय टेकला की कळ यायची, म्हणून धड आपोआप उजवीकडे कलायचं. आधाराला डावा हात मागे जायचा, आणि चार पावलं टाकली की दातांतून 'स्स्' असा आवाज निघायचा. या थाटात ते फाटकाशी पोचले आणि समोर ग्रंथपाल उभे.

ग्रंथपाल नुकतेच निवृत्त झाले होते. हाताखालची पुस्तकं गेल्यामुळे माहितीची भूक अनावर झालेला माणूस. त्यांनी गादीपतींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हे काय नवीन, असं विचारलं. खरं बोलायला एक शब्द पुरला असता. पण गादीपतींच्या तोंडून, त्यांना स्वतःलाही कळायच्या आत, भलतंच निघून गेलं. त्यांनी सांगितलं की ही चालण्याची नवी पद्धत आहे. सगळा भार एका बाजूला घ्यायचा, म्हणजे पाठीला आराम मिळतो.

ग्रंथपालांनी त्यावर मान डोलावली, एवढंच. तिथेच विषय संपला असं समजून गादीपती दुकानात गेले आणि दिवसभर गाद्यांच्या आधारानं उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांना खिडकीशी बोलावलं. समोरच्या बागेत ग्रंथपाल चालत होते. धड उजवीकडे, हात डाव्या कुल्ल्यावर आणि थोड्या थोड्या वेळानं 'स्स्'. त्यांच्यामागे बँकेत नोकरी करणाऱ्या शेजारच्या वहिनी, त्यांच्यामागे वहिनींचे यजमान, आणि सगळे एकाच बाजूला कललेले. बागेतलं कुत्रंही वाट सोडून उभं होतं. गादीपतींना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. थट्टा असती तर बरं झालं असतं. ही श्रद्धा होती. पाठीतलं कळणारा माणूस असा चालतो म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं सगळे धरून चालले होते. ग्रंथपालांनी तिला 'कलती चाल' असं नाव दिलं, नियमही बसवले. हात नेमका कुठे ठेवायचा यावर त्यांचा कटाक्ष असे. 'स्स्' हा श्वास सोडण्याचा प्रकार असून त्यानं फुप्फुसं स्वच्छ होतात, हा शोधही त्यांचाच. वहिनींनी एकदा 'स्स्'च्या जागी 'हुश्श' केलं तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून चालायला लावलं.

आता कबूल करायचं म्हणजे नुसतं पितळ उघडं पडणार नव्हतं, सगळ्या बागेला वेड्यात काढल्यासारखं होणार होतं. शिवाय जिन्यात लोक त्यांना थांबवून विचारायचे, बरोबर जमतंय का बघा. गादीपती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात 'छान, छान' म्हणायचे. एकदा तर त्यांना पायातल्या कळेनं उभं राहवेना, तेव्हा ते भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. त्यावर ग्रंथपालांनी ही पुढची पायरी का, अशी चौकशी केली. ती नुसती भिंत आहे, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

उपाय तर हवा होता. म्हणून त्यांनी सगळे जण ज्या युक्तीनं वैद्यकीय सल्ला फुकट मिळवतात ती केली. माझ्या एका मित्राच्या पायात कळ येते, असं ते इकडेतिकडे सांगू लागले. त्या मित्राला मिळालेल्या सल्ल्यांनी एक इस्पितळ चाललं असतं. वहिनी म्हणाल्या, त्याला गरम वाळूनं शेकायला सांगा. वहिनींचे यजमान म्हणाले, बर्फानं. या प्रश्नावर त्या घरात सायंकाळपर्यंत अबोला होता. पहारेकऱ्याच्या मते मित्रानं दाराच्या चौकटीला लोंबकळायला हवं होतं. गादीपतींनी ते करून पाहिलं. चौकटीची वरची पट्टी हातात आली. न्हाव्यानं मान चोळता चोळता कंबरही कडकन मोडून देतो असं सांगितलं, तेव्हा ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. पण सगळ्यात वर्मी लागला तो ग्रंथपालांचा सल्ला. मित्राला गादी सोडून जमिनीवर झोपायला सांगा, असं ते सहज म्हणाले. गादीपतींनी आयुष्यात खूप काही ऐकून घेतलं होतं. हे त्यांना तोंडावर शिवी दिल्यासारखं लागलं. आणि तरी त्या रात्री ते जमिनीवर झोपले, हा त्यातला सगळ्यात अपमानास्पद भाग. झोपले ते झोपले. सकाळी उठता येईना, तेव्हा बायकोनं त्यांना काखेत हात घालून उभं केलं.

दुकानात बसून बिलं करायची वेळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, म्हणून त्यांनी मुख्य कार्यालयाकडे एक उंच टेबल मागितलं. कार्यालयानं कारण विचारलं. उभं राहून काम केल्यानं उत्साह वाढतो, असं त्यांनी कळवलं. कार्यालयाला ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी सगळ्या शाखांमधल्या सगळ्या विक्रेत्यांच्या खुर्च्या काढून घेतल्या. टेबल मात्र आलं नाही. इतर शाखांतले विक्रेते हा उत्साह कुणाचा, याचा शोध घेत आहेत असं त्यांच्या कानावर आलं, तेव्हापासून ते दुकानातला फोन उचलेनासे झाले.

शेवटी बायकोचा संयम संपला. तिला पहिल्या दिवशीच सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "माझ्यापासून लपवायचं असेल तर आधी झोपेत कण्हणं बंद करा. आणि चला, मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

हाडांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला तोडून टाकणाऱ्या होत्या. त्यांनी गादीपतींना पाठीवर निजवलं आणि डावा पाय सरळ ठेवून वर उचलला. तो थोडा वर जातो न जातो तोच गादीपतींनी टेबलाची कड घट्ट धरली. मग बाईंनी पायाच्या बोटांत जोर आहे का बघितलं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि समजावून सांगितलं. दुखतंय पायात, पण भांडण कमरेत आहे. मणक्यांच्या मधली एक चकती थोडी बाहेर सरकली आहे आणि तिथून पायात जाणारी जी जाडजूड नस असते तिला ती डिवचते आहे. याला सायटिका म्हणतात. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना पुष्कळ होतो, आणि ते तो पुष्कळ लपवतात. बहुतेकांचा काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरा होतो. गोळ्या त्यांनी थोड्याच दिल्या. एका जागी फार वेळ बसायचं नाही, वाकून ओझं उचलायचं नाही. पाऊल लुळं पडलं, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र क्षणभर न थांबता इस्पितळ गाठायचं.

"आणि आराम?" गादीपतींनी आशेनं विचारलं.

"अंथरुणात पडून राहायचं नाही. जेवढं सोसेल तेवढं चालायचं. गादीनं बरं होत नाही हे, गादीवरून उठल्यानं होतं."

गादीपतींनी छताकडे बघितलं. आयुष्यभराच्या धंद्याचा असा एका वाक्यात निकाल लागलेला त्यांनी पाहिला नव्हता. बायको भिंतीवरचा सांगाडा निरखून बघू लागली. तिचे खांदे हलत होते. मग डॉक्टरीणबाईंनी उठायला सांगितल्यावर हे सवयीनं हात न टेकता झटका देऊन उठायला गेले आणि अर्ध्यात अडकले. बाई म्हणाल्या, हे असं रोज करता? दिवसातून कितीदा? उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या चकतीला एवढे धक्के बसूनही ती इतकी वर्षं जागेवर राहिली याचंच त्यांना नवल वाटलं. उठायची रीत त्यांनी करून घेतली. आधी कुशीवर वळायचं, गुडघे दुमडायचे, पाय कडेवरून खाली सोडायचे आणि हातांनी रेटत उठायचं. तान्ह्या मुलाला सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

निघताना त्या म्हणाल्या, की या आठवड्यात आणखी एक गृहस्थ येऊन गेले. धड कललेलं, कमरेचे स्नायू आखडलेले. कुणा तज्ज्ञानं शिकवलेली चाल करतात म्हणे. "तो तज्ज्ञ भेटला तर माझ्याकडे पाठवा," असं म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

परतताना बायको म्हणाली, आजच्या आज जाऊन ग्रंथपालांना खरं सांगा. गादीपतींनाही ते पटलं. पण उद्घाटन तोंडावर होतं. एवढा कार्यक्रम पार पडू दे, मग सांगतो, असं ते म्हणाले. गणितात चुकीची पायरी लिहिणाऱ्या मुलाकडे बायको बघते तसं तिनं त्यांच्याकडे बघितलं फक्त.

उद्घाटनाच्या दिवशी नव्या शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चौथऱ्यावर गादी, गादीच्या कोपऱ्यावर पेला. इमारतीतले सगळे आले होते; पुढच्या रांगेत वहिनी, त्यांचे यजमान, आणि काठी घेतलेले ग्रंथपाल. ती काठी गादीपतींनी पहिल्यांदाच बघितली. मालकांनी थोडक्यात म्हणून लांबलचक भाषण केलं. मग गादीपतींनी दोन गोळ्यांवर भरवसा ठेवून स्वतःला गादीवर झोकून दिलं.

पेल्यातला थेंब हलला नाही. गादीपतीही हलले नाहीत.

त्यांनी एकदा प्रयत्न केला. कमरेपासून करंगळीपर्यंत कळ लखकन गेली आणि ते होते तिथेच राहिले. लोक वाट बघत होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, की बघा, उठावंसंच वाटत नाहीये माणसाला. हशा पिकला, टाळ्या पडल्या. मालकांचा चेहरा फुलला. त्यांनी वाकून गादीपतींच्या कानात सांगितलं, की कल्पना झकास आहे, असेच पडून राहा. तेवढ्यात दोन-तीन जणांनी हीच गादी हवी म्हणून विचारणाही केली. गादीपतींना हसावं की रडावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीही न करता गाद्या विकत होते. डोळे मिटून घ्यायचे आणि काचेच्या खोलीत जागं व्हायचं, इतकं सोपं होतं ते.

डोळे मिटणार तोच ग्रंथपाल काठी टेकत चौथऱ्याशी आले. त्यांनी आवाज अगदी खाली घेतला.

"गादीपती, एक विचारू? ही चाल शेवटी सरळ कधी होते? मला आता सरळ चालताच येत नाहीये. माझं जाऊ द्या. मी बागेतल्या सगळ्यांना शिकवली आहे हो."

त्या आवाजात तक्रार नव्हती. शंका तर अजिबात नव्हती. आपलंच काहीतरी चुकत असणार, अशा समजुतीनं तो माणूस विचारत होता, आणि ते गादीपतींना त्या कळेपेक्षा असह्य झालं.

"ती चाल नाहीये," ते म्हणाले. आडव्या माणसाचा आवाज छताला लागून सगळीकडे जातो हे त्यांना माहीत नव्हतं. "ते दुखणं आहे. सायटिका. मला झालाय. मला सरळ चालता येत नव्हतं म्हणून मी तसा चालत होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांचे कमरेवरचे हात खाली आले.

"आणि ते 'स्स्'?" वहिनींनी विचारलं.

"दुखत होतं म्हणून."

वहिनींनी यजमानांकडे बघितलं. यजमान आपले बूट बघू लागले. गादीपती कुशीवर वळले, गुडघे दुमडले, पाय खाली सोडले आणि दोन्ही हात रोवून, तोंड वेडंवाकडं करत, सगळ्यांदेखत उठून बसले. पेला कलंडला आणि पाणी मालकांच्या नव्या बुटांवर गेलं. हात टेकून उठलेले गादीपती कुणीच कधी बघितले नव्हते. ते म्हणाले, गादी निजायला उत्तम आहे, पाठ बरी करायला नाही; ते काम डॉक्टरांचं आणि आपल्या पायांचं. ज्यांना आपली गादी परत करायची असेल त्यांनी करावी, मी मालकांशी बोलतो. मालक तेव्हा कुणाशीही बोलायच्या स्थितीत नव्हते.

"गादीचं काय घेऊन बसलात," ग्रंथपाल म्हणाले. "गादी चांगली आहे. ती आम्ही तुमच्या पाठीकडे बघून घेतली नव्हती. तुमच्या तोंडाकडे बघून घेतली होती." एवढं बोलून ते काठी टेकत, तसेच कललेले, दाराबाहेर गेले.

व्यवस्थापकाच्या नावाची घोषणा झाली. नाव दुसऱ्याचं होतं. गादीपतींना वाईट वाटलं, पण न बोलावलेला पाहुणा घरात यावा तसं ते आलं आणि कोपऱ्यात बसून राहिलं. कारण त्यांच्याभोवती वेगळीच गर्दी जमली होती. टक्कल पडलेला एक अनोळखी गृहस्थ इकडेतिकडे बघत जवळ आला आणि ते उठायचं परत एकदा दाखवता का, म्हणाला. त्याच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे मालकांचे सख्खे मेहुणे. सगळे पन्नाशीचे, सगळ्यांचा एक हात मागे. दुपारभर ते गृहस्थ आळीपाळीनं गादीवर आडवे होत आणि कुशीवर वळून उठत राहिले. उठल्यावर काहींनी गादी घेऊनही टाकली. मालकांना रागवायचंही जमेना आणि हसायचंही. गादीपतींचं लक्ष मात्र दाराकडे होतं.

घरी आल्यावर बायकोनं त्यांना शेक दिला आणि एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. त्यांच्या संसारात हे दुर्मीळच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला जायचं म्हणजे दुखण्यापेक्षा लाजेनं पाय जड झाले होते. इमारतीतलं कुणी बोलेल की नाही, याचा भरवसा नव्हता. बागेत आज कुणीच नव्हतं. अख्खी कलती चाल घरोघरी कमरेला शेक देत बसली असणार. फाटकापाशी मात्र ग्रंथपाल उभे होते. गादीपती भिंतीचा आधार घेत त्यांच्यापर्यंत पोचले आणि गुन्हेगारासारखे थांबले. ग्रंथपालांनी रस्त्याकडे बघतच विचारलं, "आज कसं आहे?"

इतक्या वर्षांच्या सवयीनं 'ठणठणीत' हा शब्द गादीपतींच्या जिभेवर आला. तिथे तो थोडा घुटमळला, आणि त्यांनी तो गिळला.

"फार दुखतंय," ते म्हणाले.

"मलाही," ग्रंथपाल म्हणाले. "चला."

आणि ते दोघं वाकडेतिकडे, एकाच बाजूला कलत, हळूहळू बागेकडे निघाले.